डिफ गप्प बसलं, काका नाही

भूत, संकेत, अंतर्ज्ञान... माझा कशावरच विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितेय, कारण कंपनीत सगळे "योगायोग" म्हणून मोकळे झालेत आणि मला ते मान्य नाही.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेंटेनन्स इंजिनिअर आहे. भट्टीला हवा देणाऱ्या मोठ्या ब्लोअरचा आवाज मी रोज रेकॉर्ड करते आणि आदल्या दिवसाच्या आवाजाशी ताडून बघते. त्या ब्लोअरवर आयुष्य काढलेले ऑपरेटर मारुतीकाका गेल्या वर्षी पाय मोडून जवळच उचगावला घरी होते. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन मी त्यांचं मत विचारायला गेले. आधी कालची फाईल ऐकवली, मग आजची.

काकांनी इयरफोन काढला. "दुसरीत टक् टक् हाय की गं! बेअरिंग कामातनं चाललंय. जा, बंद कर."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. म्हणून दोन्ही फाईल्समधले आकडे टेक्स्टमध्ये काढले आणि डिफ ही कमांड चालवली. दोन टेक्स्टमध्ये जेवढ्या ओळी वेगळ्या, तेवढ्याच ती दाखवते.

एकही ओळ आली नाही.

तेव्हा चूक कळली... सकाळच्या घाईत मी कालचीच फाईल दोनदा कॉपी केली होती. फक्त नावं वेगळी!

"काका, दोन्ही एकच आहेत ओ."

"न्हाय. मला खुळं समजतीस व्हय?"

मग मीही हट्टाला पेटले. स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि उलटसुलट क्रमानं दोन्ही फाईल्स पाच वेळा ऐकवल्या. पाचही वेळा काकांनी आजचं नाव दिलेल्या फाईललाच हात वर केला. कालच्या आवाजात टकटक असती, तर ती दोन्हींत असायला हवी होती ना?

तशीच गाडी काढून फौंड्रीत आले. आमच्या साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले. "एकाच फाईलवरून ब्लोअर बंद करायचा? भट्टी चालू आहे, मॅडम."

"ब्लोअरशेजारी दोन माणसं उभी आहेत, साहेब," मी म्हणाले आणि स्वतः जाऊन लाल बटण दाबलं.

साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं, लेखी माफी मागायला सांगितली. तोवर फिटरनं ब्लोअर उघडला होता. बेअरिंगचं बाहेरचं कडं आरपार तडकलेलं. त्यानं बोटानं दाबलं तर त्याचे दोन तुकडे झाले.

पाय बरा झाल्यावर काका कामावर आले. त्यांना त्याच दोन फाईल्स पुन्हा ऐकवल्या. बराच वेळ ऐकून म्हणाले, "सारख्याच हायत की. तवा काय ऐकलं, मलाबी सांगता यायचं न्हाय."

मलाही सांगता येत नाही. साहेब अजून योगायोगच म्हणतात. म्हणू देत. ते माफीचं पत्र मात्र मी दिलेलं नाही... आणि देणारही नाही.