कपाटातला दुसरा भाग

दोन वर्षं मला एकही पुस्तक वाचता आलं नाही आणि मग एकदम वाचायला लागलो, हे मी आयुष्यात अनेकांना सांगितलं आहे. निवृत्तीनंतर वाचनालयाने मला शाल दिली तेव्हा तर त्यावर भाषणच केलं. तापाने अंथरुणाला खिळलो, विश्रांती मिळाली, डोकं निवलं आणि पुस्तकांची गोडी परत आली, असं मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत माझी बायको बसली होती, तिनेही वाजवल्या. ताप खरा होता. बाकीचं मी गाळलं होतं. ते दर वेळी गाळत गाळत मी ऐंशी ओलांडली. आता गाळायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

माझ्या तिशीच्या अलीकडची ती वर्षं. सोलापुरातल्या एका गिरणीच्या टाइम ऑफिसात मी कारकून होतो. आमचं बिऱ्हाड तेलुगू विणकरांच्या आळीत होतं. दोन खोल्या आणि पुढे ओसरी. दिवसभर चहूबाजूंनी हातमागांची खटखट चालायची आणि बायका ओसऱ्यांवर बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरायच्या. त्या आळीत नेमाने वाचनालयात जाणारा मी एकटाच, त्यामुळे मला मान होता. तार आली की लोक ती वाचून घ्यायला माझ्याकडे यायचे. नवी पेठेतल्या गर्दीतून येताना मी पुस्तक काखेत असं धरायचो की वरचं नाव येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं.

आणि एका वर्षी ते वाचनच आटलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. घरात आजारपण नव्हतं, नोकरीत कटकट नव्हती. डोळे ओळींवरून जायचे, पानाच्या तळाशी पोचायचे आणि वर काय होतं ते आठवायचं नाही. पुन्हा वर जायचो. चार-पाच वेळा असं झालं की पुस्तक कोनाड्यात ठेवून द्यायचो. पण वाचनालयात जाणं सोडलं नाही. गेलो नसतो तर लोकांनी विचारलं असतं.

तिथले ग्रंथपाल वयस्क गृहस्थ होते. पुस्तक परत केलं की चष्मा कपाळावर चढवून ‘कसं वाटलं?’ असं विचारल्याशिवाय नोंद करायचे नाहीत. पूर्वी या प्रश्नासाठी मी मुद्दाम गर्दी ओसरेपर्यंत थांबायचो. आता तो प्रश्न लवकर उरकावा म्हणून मी भर गर्दीतच पुस्तक पुढे करायचो. भाषा जरा जुनी आहे, मधला भाग लांबलाय, असलं काहीतरी सांगून मी निसटायचो.

बायकोचं माहेर जेऊरचं. शिक्षण तिसरीपर्यंत. लग्नाला सहा वर्षं झाली तोवर तिने माझ्या पुस्तकांना हात लावला होता तो फक्त धूळ झटकायला. मी वाचायचं सोडलं त्याच सुमाराला कोनाड्यातलं पुस्तक तिने कधी उचललं ते मला कळलंही नाही. पानांमध्ये केरसुणीची काडी दिसली तेव्हा लक्षात आलं. दर दिवशी ती काडी पुढे सरकलेली असायची.

ती ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायची. माझ्या एका पानाला तिला चौपट वेळ लागला असता. पण वाचताना ती हसायची. स्वयंपाकघरात धान्याच्या कणगीला पाठ टेकून, एक गुडघा वर घेऊन बसलेली असायची आणि मध्येच खुदकन हसायची, किंवा ‘अगं बाई’ म्हणायची, पुस्तकातल्याच कुणाला तरी. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला वास यायचा नाही. मी बाहेर बसून ऐकायचो. माझ्या घरात, माझ्या वर्गणीवर आलेल्या पुस्तकात माझं जे हरवलं होतं ते तिला सापडलं होतं आणि मला त्याची चवसुद्धा आठवत नव्हती. जोंधळ्याची भाकरी ती पोटभर खातेय आणि मला तोंडाला चव नाही, असं काहीसं ते होतं. मी तिच्यावर बारीकसारीक कारणांनी चिडायला लागलो.

एकदा पुस्तक परत करायला निघताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कसं आहे गं हे? ती भाजी निवडत सांगायला लागली. त्यातली सासू वाईट न्हाई, म्हणाली, तिला कुणी काही विचारतच न्हाई म्हणून ती ओरडते. ग्रंथपालांनी चष्मा कपाळावर चढवला तेव्हा मी हेच शब्द जरा शुद्ध करून त्यांना ऐकवले. बाजूच्या दोघांना बोलावून म्हणाले, ऐका, वाचणं म्हणजे काय ते या गृहस्थांकडून शिका.

त्यानंतर मी दर वेळी तिला विचारायचो आणि दर वेळी तिथे जाऊन सांगायचो. कौतुक वाढत गेलं. घरी येताना मात्र ते कौतुक दातात अडकल्यासारखं व्हायचं. ते तिचं होतं, हे मला एकट्यालाच माहीत होतं, आणि त्याचा राग मी तिच्यावरच धरला.

मग ती दोन भागांची कादंबरी आली. पहिला भाग तिने चार दिवसांत संपवला. त्यात सासरी छळ सोसलेली एक बाई पहाटे बैलगाडीतून निघते. पुढे रस्ता फुटतो. एक वाट माहेरी जाते, दुसरी शहराकडे. ‘बाई, कुठं वळवू?’ असं गाडीवान विचारतो आणि भाग संपतो. त्या संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत ती दारात आली होती. ‘अहो, दुसरा भाग आणा की. ती अजून गाडीतच बसलीय.’

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी तो भाग काढून समोर ठेवला होता. म्हणाले, वाचायच्या आधी सांगा, ती कुठं जाईल? तुमचं काय मत?

माझं मत घरी होतं. मग म्हणालो, सध्या कादंबऱ्या नकोत, जरा जड वाचावं म्हणतो. त्यांनी तो भाग उचलून कपाटात तिसऱ्या फळीवर ठेवला. मी धर्मशास्त्रावरचा एक जाडजूड ग्रंथ नोंदवून घेतला. एका सभासदाला एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. तो ग्रंथ माझ्याकडे असेपर्यंत घरात दुसरं काही येणार नव्हतं.

घरी सांगितलं, दुसऱ्या भागाला वाळवी लागली म्हणे.

‘सगळ्याला?’

‘सगळ्याला.’

‘एक पान पन न्हाई राहिलं?’

मी नाही म्हणालो. ती आत गेली. मला त्या वेळी बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला सगळ्यांत जास्त दिवस लागले, पण तसंच होतं. फार दिवसांनी घरात आम्ही दोघं सारखे झालो, असं मला वाटलं.

तो ग्रंथ तीन महिने कोनाड्यात होता. तिने तो दोनदा उघडून पाहिला आणि फडक्याने पुसून परत ठेवला. काडी कुठेच घातली नाही.

पुढे मला ताप आला. आठ-दहा दिवस आतल्या खोलीत पडून होतो. दुपारी आळीतल्या तीन-चार जणी आपले रहाट घेऊन आमच्या ओसरीवर येतात, हे मला तेव्हा कळलं. रहाट घुर्र घुर्र चालायचे आणि त्यावरून हिचा आवाज यायचा. आधी मी लक्ष दिलं नाही. मग कानावर आलं, ‘गाडीवान म्हणाला, बाई, बैल थांबत न्हाईत, कुटं वळवू?’

मी कूस वळवली.

‘ती म्हनाली, तू कुटं बी वळव. मी हितंच उतरते.’

वाळवीने खाल्लेला दुसरा भाग ती स्वतः रचून सांगत होती. ती बाई चालत निघाली होती. कुटं, असं कुणीतरी विचारलं. ‘सोलापूरला. आनि कुटं जाणार?’ सगळ्या हसल्या. शेजारच्या अक्का, ज्या ऐकता ऐकता आपल्या म्हाताऱ्या सासूला तेलुगूत सांगायच्या, त्या म्हणाल्या, ‘माझ्या घरात जागा न्हाई हं, आधीच सांगून ठेवते. तुझ्या साहेबाच्या खोलीत ठेव तिला.’

कादंबरीतली बाई आमच्यासारख्याच एका आळीत येऊन कांड्या भरायला शिकली. सूत तुटलं की रडायची. एका दुपारी कुणीतरी तिचं दार वाजवलं. इथे ही थांबली. ओसरीवरचे रहाट एकेक करत थांबले. मागांची खटखट तेवढी मागे उरली.

‘बाकीचं उद्या. आत पेज द्यायचीय त्यांना.’

ती पेज घेऊन आली तेव्हा दारात कोण होतं ते विचारावं म्हणून माझी जीभ वळवळत होती. विचारलं नाही. विचारणं म्हणजे मी ऐकतो हे कबूल करणं, आणि मला हवंय हेही. पेज संपवून भिंतीकडे तोंड केलं. नवरा असेल का? सासू? दुसऱ्या दिवसाची दुपार होईपर्यंत मी डोक्यात दहा जणांना त्या दारात उभं केलं. गेल्या दोन वर्षांत पुढे काय झालं हे मला कशाबद्दलच जाणून घ्यावंसं वाटलं नव्हतं.

दारात गाडीवान होता. गाडीत राहिलेलं तिचं गाठोडं घेऊन तो गावोगाव विचारत आला होता. त्यातलं एकही लुगडं कमी नव्हतं. एवढंच. ओसरीवर कुणीतरी नाक ओढलं. मी आत पांघरुणात ओठ दाबून पडलो होतो. मला तिचा हेवा वाटत होता, इतका की ताप चढल्यासारखं व्हायचं. आधी फक्त तिच्या हसण्याचा वाटायचा. आता ती लिहिणाऱ्याच्या जागी जाऊन बसली होती आणि तिला ते ठाऊकसुद्धा नव्हतं.

अंगात बळ आल्यावर मी गिरणी सुटताच वाचनालयात गेलो. ती चुकली आहे हे मला पाहायचं होतं. तिसऱ्या फळीवरून दुसरा भाग काढला आणि कपाटाजवळ उभ्या उभ्याच उघडला.

लेखकाने गाडी माहेरी वळवली होती. आई सहा पानं उपदेश करते. मी मनात म्हणालो, छे, ती ऐकून घेणार नाही. पुढच्या पानावर ती ऐकून घेते. मी पानाशी भांडायला लागलो. हिने असं केलं असतं, अक्का इथे हसल्या असत्या, रहाट इथे थांबले असते. दिवे लागल्यावर शिपायाने खांद्याला हात लावला तेव्हा मी बाकावर बसलेला होतो, बसल्याचं आठवत नव्हतं. पानाच्या तळाशी आलो होतो आणि वरचं सगळं माझ्याजवळ होतं.

रोज जाऊन आठ दिवसांत तो भाग तिथेच बसून संपवला. घरी नेता येत नव्हता, नेला असता तर वाळवीचं काय सांगणार? ग्रंथपालांनी विचारलं, कसं वाटलं? मी म्हणालो, तिने गाडीतून उतरायला हवं होतं. त्यांनी चष्माच काढून हातात घेतला. ‘हे तुम्हाला सुचलं?’

‘हो.’

त्या दिवसापासून मी वाचायला लागलो ते आजतागायत. धर्मशास्त्र परत केलं, घरात पुन्हा गोष्टींची पुस्तकं आली, तिची काडी पुन्हा पुढे सरकू लागली. संध्याकाळी आम्ही त्यावर बोलायचो, भांडायचोही. चांगले दिवस होते. दुसऱ्या भागाचं नाव मात्र तिने परत काढलं नाही. अक्काच कधीमधी विचारायच्या, ‘काय साहेब, वाळवीचं पोट भरलं का न्हाई?’ मी हसायचो. ती मान खाली घालून कामात असायची.

शाल मिळाली त्याच्या पुढच्या वर्षी वाचनालयाने जीर्ण पुस्तकं काढून टाकली. त्यात तो भाग दिसला. मागून घेतला. शेवटच्या पानावर नेण्या-आणण्याच्या तारखांचा कागद चिकटवलेला होता. ती वाळवीची वर्षंही त्यावर होती, महिन्यामहिन्याला कुणी ना कुणी नेलेलं. मी नळावर बोटं ओली करून तो कागद सोलून काढला.

तोवर मोतीबिंदूने तिला अक्षर दिसेनासं झालं होतं. तरी तो कागद काढल्यावरच मी वाचून दाखवायला बसलो. गाडी माहेरी वळली, आई उपदेश करू लागली. बायकोने ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘कुटं मिळाला हो?’

‘जुन्या बाजारात.’

‘बघू.’ तिने पुस्तक हातात घेतलं, चाचपलं, मागची बाजू उघडून शेवटच्या पानावर बोट फिरवलं. कागद सोलला होता तिथे खरखरीत झालं होतं. ‘हितं काहीतरी चिकटवलेलं होतं वाटतं.’

‘असेल,’ मी म्हणालो.

तिने पुस्तक परत दिलं आणि माझ्याकडे तोंड करून बसली, पुढचं ऐकायला बसावं तशी. मी बोलावं म्हणून थांबली होती की गोष्टीसाठी, ते मला कळलं नाही. त्या वर्षीच ती गेली.

त्या दिवशी मला म्हणायचं होतं ते एवढंच होतं. वाळवी लागली नव्हती. तो भाग तिसऱ्या फळीवर होता, मला तुझं हसणं सहन झालं नाही म्हणून मी आणला नाही. ती बाई गाडीतून उतरली ती तुझ्यामुळे, आणि मी ते माझं म्हणून सांगितलं. मी पुन्हा वाचायला लागलो तेही तुझं ऐकून. मला माफ कर.

हे सगळं जिभेवर होतं. मी पान उलटलं आणि पुढे वाचायला लागलो.