फळा जागेवर, पेन गायब

ती घटना आठवली की अजूनही माझा हात आधी खिशातल्या पेनाकडे जातो, कारण त्या प्रकरणातला पहिला गुन्हा मीच केला होता.

शेवगावकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत नवा इलेक्ट्रॉनिक फळा बसला होता. त्याचा पेन चोरीला गेल्याची खबर आली, तसा मी दोन अंमलदार घेऊन पोहोचलो. गाव जमलेलं. आपण किती पद्धतशीर काम करतो हे लोकांना दिसावं, म्हणून घटनास्थळाचा नकाशा मी समोरच्या पांढऱ्याशुभ्र फळ्यावरच काढायला घेतला. खिशात मुद्देमालावर नंबर टाकायचा मार्कर होता. दार, खिडकी, टेबल काढून झालं आणि मागून शाळेच्या बाई ओरडल्या, "अहो साहेब, तो मार्कर पुसला जात नाही!"

मग बराच वेळ आमचा एक अंमलदार खोबरेल तेल लावून फळा चोळत होता आणि गाव बघत होतं.

"पेन गेल्ता, आता फळा बी गेला," कुणीतरी म्हणालं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. हे खात्यात शिकवत नाहीत, आपोआप येतं.

बाईंनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. फळ्यावर प्रोजेक्टरचा उजेड पडतो. पेन टेकवला की अक्षर उमटतं, चित्र सरकतं. बोटानं काही होत नाही. पेनाशिवाय तो नुसता पांढरा पत्रा. दुसरा पेन यायला महिना लागणार, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नगरहून अधिकारी फळा बघायला येणार. तो बंद दिसला तर उचलून शेजारच्या गावच्या शाळेला देऊ, अशी तंबी आधीच मिळालेली.

"फळ्याचं सोडा, साहेब," बाई म्हणाल्या. "दसरा झाला की इथली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, पोरांना घेऊन. यंदा फळ्यापायी पोरंच जायला तयार नाहीत. म्हाताऱ्यांकडे ठेवतो, असं त्यांच्या आयांनी कबूल केलंय. काल त्याच आयांना बोलावून फळा दाखवला. आता फळा हलला तर पोरंही हलतील."

मी टोपी नीट केली.

उपसरपंचांचा संशय तयारच होता. "शेजारच्या गावाचंच काम हाय. मागं आमचा बँजो बी नेल्ता त्यांनी."

"चोरून?"

"न्हाई, वरातीसाठी मागून. पर लई उशिरा दिला."

एवढ्या पुराव्यावर एका गावाला अटक करता येत नाही. मग मी आमचं जुनं हत्यार काढलं, थाप. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हा फळा साधा नाही. पेन कुणाकुणाच्या हातात होता, ते सगळं आत साठलेलं आहे. फळा हात ओळखतो. कुणाला आधीच काही सांगायचं असेल, तर मी हेडमास्तरांच्या खोलीत बसलोय."

पहिले आत आले ते हेडमास्तरच. त्यांनी दार लावून घेतलं. "साहेब, रविवारी फळ्यावर क्रिकेटची मॅच लावली होती. पण मी एकटा नव्हतो."

पाठोपाठ उपसरपंच. "मॅच मास्तरांनी लावली. मी फकस्त भजी आनली."

नंतर एक लग्नाचा पोरगा आला. पाहुणे बघायला आले तेव्हा हा पेन धरून फळ्यासमोर उभा राहिला होता, आपण 'कॉम्प्युटर लाईनला' आहोत हे दाखवायला. "मुलीकडच्यांना कळवू नका, साहेब. होकार आलाय."

संध्याकाळपर्यंत गावातले सगळे गुन्हे उघडकीस आले, एक तक्रारीतला सोडून.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ठाण्यात हत्यारांची पूजा मांडलेली. रायफली, बेड्या, वायरलेस सेट, सगळ्यांना कुंकू आणि झेंडूची फुलं. मी स्टेशन डायरीवर सही करायला बसलो आणि हवालदारांकडे पेन मागितला.

"पेन पूजेत हाय, साहेब."

"सगळे?"

"सगळे. दिवसभर लिहायचंच काम आपलं. मंग पेन हत्यार न्हाई का? आज उचलता येत न्हाई."

मी ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. जीप काढायला सांगितली. निघताना महिला अंमलदाराला सोबत घेतलं.

फळा बघायला आलेल्या आयांच्या, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या घरांत आम्ही पूजा बघायला म्हणून फिरलो. गावाच्या टोकाच्या घरात एका पाटावर दोन कोयते होते, नवऱ्याचा आणि बायकोचा. त्यांच्यामध्ये पांढरा पेन. त्यावर कुंकू, वर एक झेंडू.

घरची बाई भिंतीला टेकली. "चोरला न्हाई, साहेब. पूजेपुरता आनला. परवा माझी पोरगी त्यानं लिवत हुती, बाईंनी टाळ्या वाजवल्या. आमचं दोघांचं हत्यार कोयता. म्हनलं, तिचं ह्ये. याची एकदा पूजा झाली, की तिच्या हाताला कोयता येनार न्हाई."

"मग मागून न्यायचा ना!"

"मागून दिला असता व्हय कुनी? उद्या गुपचूप ठिवनार हुते. पर काल तुमी म्हनला, फळा हात वळखतो. मंग शाळंकडं पायच उचलंना."

म्हणजे माझ्या थापेनं अख्खं गाव पोपटासारखं बोललं, फक्त जिनं बोलायला हवं होतं तीच गप्प झाली. मी पेनाकडे हात नेला.

"आज नगा उचलू, साहेब."

महिला अंमलदारानं माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मागे घेतला. मुद्देमाल पूजेत असल्यास काय करावे, हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

दसऱ्याला पूजा हलवल्यावर त्या बाईनं पेन स्वतः शाळेत आणून दिला. शाळेच्या बाईंनी तिला आधी चहा पाजला. दुसऱ्या दिवशी अधिकारी आले, त्यांनी पेन हातात घेऊन फळ्यावर रेघ मारली, अंगठ्याला लागलेलं कुंकू पाहिलं आणि काही विचारलं नाही. फळा गावातच राहिला. पोरंही.

'वस्तू मिळून आली, तक्रार नाही' असा शेरा मारून मी अर्ज निकाली काढला. नोकरीभर मी 'कुणी नेलं?' हाच प्रश्न पहिला विचारत आलो होतो. त्यानंतर 'कशाला नेलं असेल?' हा आधी विचारू लागलो. थापही जपून मारायला लागलो, कारण ती खरी मानणारं माणूस बहुधा साधंच असतं.

घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती आंब्याची वाळलेली पानं तोरणातून सोडवत होती.

"मग तिला काय केलंत?"

"काय करणार! सोडून दिलं. पण कडक समज दिली, पुन्हा शाळेच्या वस्तूला हात लावायचा नाही."

तिचे हात थांबले. "म्हणजे पुढच्या नवमीला त्या पाटावर नुसते कोयतेच."