कापडाच्या विमानाला तोरण

त्या हिवाळ्यात आमच्या तुकडीला सरावासाठी जालना तालुका आणि बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीवर पाठवलं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती. मी लान्स नाईक, वायरलेस ऑपरेटर. आमची विमानं तोफखान्याची. वरून टेहळणी करायची आणि गोळा कुठं पडला ते खाली कळवायचं, एवढंच त्यांचं काम.

विमान म्हटलं की लोकांना जेट आठवतं. आमचं विमान म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड आणि कापडावर रंग. एखादं सपाट वावर मिळालं की ते उतरायचं. चालवणारे मूळचे तोफखान्याचे अफसर, उडायला मागाहून शिकलेले. त्यांच्याआधी हे काम आपल्याकडे फारसं कुणी केलेलं नव्हतं, त्यामुळं विचारायचं कुणाला हाही प्रश्नच असे.

नकाशावर निवडलेली जागा बीबी आणि दुसरबीडच्या मधे निघाली. गाव माझंच, आणि वावर माझ्या किसनकाकांचं. काका गावचे सरपंच. माझा बाप लवकर गेला, मला वाढवलं ते त्यांनीच. हवालदार बलबीर सिंग आमचे प्रमुख. आम्ही ढेकळं फोडली, काळ्या मातीच्या भेगा बुजवल्या, पांढऱ्या कापडाची खूण अंथरली. वावराच्या एका टोकाला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन उंच बाभळी होत्या. मधे ऐसपैस जागा. विमान तिथूनच आत येणार होतं.

पहिल्या दिवशी कॅप्टन कुरियन साहेब जागा बघायला विमान घेऊन उतरले. केरळचे, सडपातळ, बोलणं कमी. नेमका बीबीचा बाजार होता, त्यामुळं गावात चिटपाखरू नव्हतं. काका एकटेच हजर. त्यांनी पंखावर हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे त कापडाचं हाय बे. लोकं लोखंडाचं म्हणत व्हते."

मी हे साहेबांना सांगितलं. ते मोठ्यानं हसले. तसं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. काकांनी दिलेलं ताक उभ्यानंच प्यायले आणि उद्या दहाला परत येतो म्हणाले.

हवालदारांनी हुकूम दिला, "पट्टी पर कोई पैर नहीं रखेगा." मी तो काकांना सांगितला, काकांनी दवंडी पिटवली. आमचं गाव कुणाचं ऐकणारं नव्हे. दोन माणसांत तीन तट पडायचे. पण तो हुकूम गावानं अक्षरशः पाळला.

सकाळी दुसरबीडपासून बैलगाड्या आल्या. बौद्धवाड्यातली पोरं लेझीम घेऊन आली, माळ्यांच्या बायका आरतीची ताटं घेऊन. सगळे धुऱ्याबाहेर उभे. पट्टीवर एक पाऊल नाही. हवालदार खूष होते. साहेबांचा आवाज सेटवर आला.

"स्ट्रिप साफ है? ओव्हर."

"साफ है, साहब. ओव्हर."

आणि ती साफ होती.

आता आमच्याकडची रीत सांगतो. मोठा पाहुणा येणार असला की वेशीला तोरण आधीपासून लावून ठेवत नाहीत. पानं कोमेजतात, आणि कोमेजलेलं तोरण पाहुण्याचा अपमान. म्हणून ते खाली ओल्या फडक्यात झाकून ठेवतात. पाहुणा नजरेच्या टप्प्यात आला की वर ओढतात. विमानाला वेस कुठली? काकांना त्या दोन बाभळी वेशीसारख्या दिसल्या, हे मला मागाहून कळलं. तोरण लांबलचक, आंब्याच्या डहाळ्यांचं आणि झेंडूचं, वजनदार. साध्या दोरीला पेलेना, म्हणून दोन मोटांचे नाडे गाठ मारून जोडले. नाडा विहिरीतून पाण्यानं भरलेली मोट ओढतो. तो तुटत नाही.

विमान आलं. वळलं, खाली यायला लागलं. मी कानाला हेडफोन लावून बघत होतो, आणि बाभळींच्या मधे हिरवी-पिवळी माळ वर चढताना दिसली. दोन्हीकडून चार-चार गडी ओढत होते.

मी सेटवर ओरडलो. हवालदारांनी सिग्नल पिस्तुलातून लाल गोळा सोडला. लाल गोळा म्हणजे उतरू नका. लोकांना वाटलं मिलिटरीची आतषबाजी. ताशा वाजायला लागला.

साहेबांनी इंजिनाला पूर्ण जोर दिला, नाक वर घेतलं. अंतर उरलं नव्हतं. चाकं नाड्यात अडकली. विमान जागच्या जागी नाकावर आपटलं आणि पालथं झालं. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, विमान असंच उतरत असेल. मग पेट्रोलनं पेट घेतला. कापडाचं विमान, जळायला कितीसा वेळ लागतो?

सर्वांत आधी काका पोचले. आमच्याही आधी. त्यांनी जळता सांगाडा नुसत्या हातांनी उचकटला. हवालदारांनी आणि मी साहेबांना बाहेर ओढलं. साहेब जिवंत होते. नसते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

खाटेवर घालून ट्रकनं जालन्याच्या दवाखान्याकडे निघालो. हवालदार पुढं बसले. मागं साहेब, मी आणि काका. काकांच्या तळहातांची कातडी लोंबत होती, तरी त्यांनी कोपरांनी खाट धरून ठेवली होती. दुसरबीड मागं पडलं तेव्हा साहेबांनी डोळे उघडले.

"वो रस्सी क्यों थी?"

काकांनी मला विचारलं, "काय म्हणून राह्यले सायेब?"

मी सांगितलं. काका साहेबांच्या तोंडाशी वाकले. मग थेट साहेबांशीच बोलले.

"तुमच्यासाठीच बांधली व्हती, सायेब. म्याच बांधाले लावली. सोयऱ्याले बांधतो तशी."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आपके स्वागत के लिए थी, साहब."

साहेबांना कळलं. त्यांनी काकांकडे बघितलं, नीट बघितलं, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. पुन्हा इकडे वळवलं नाही. सिंदखेड राजाच्या अलीकडे ते गेले.

चौकशी झाली. अपघात असा निकाल लागला. काकांना शिक्षा झाली नाही.

काका पुढं बरीच वर्षं जगले. बोटं आखडून गेली होती. भाकरी काकू मोडून द्यायची. मी सुट्टीवर गेलो की ते एकदा तरी विचारायचेच, "सायेब अखेरीले माह्याबद्दल काहीच नाही बोलले का बे? इंग्रजीतून, मले नाही समजलं असं काही?"

"नाही, काका," मी सांगायचो.

माफ केलं म्हणाले, असं सांगता आलं असतं. काकांना शांत झोप लागली असती. पण साहेबांनी माफ केलं नव्हतं, आणि त्यांनी का करावं? मरणाऱ्या माणसाच्या तोंडात मी आपले शब्द घालायचे नाहीत, एवढंच मला कळत होतं. काका गेले त्या दिवशीही त्यांनी विचारलं. मी तेच उत्तर दिलं.

कॅप्टन जॉर्ज कुरियन. लग्न ठरलं होतं. लढाईत गेले नाहीत म्हणून कुठल्या दगडावर त्यांचं नाव कोरलेलं नाही. ते आमच्या गावाला पाहुणे म्हणून आले होते.