हारलनच्या गाडीचा रिव्हर्स

आमच्या घरात गॅरेज हारलनचं आणि स्वयंपाकघर माझं. माझा नवरा गेला आणि मी आईवडिलांच्या घरी परत आले, त्याच दिवशी हे मी थोरल्या भावाला बजावलं होतं. तो मुळात कमी बोलणारा, आणि लग्न न केलेल्या माणसाला वाद घालायची सवय नसते. कित्येक वर्षं त्यानं ही हद्द पाळली. मग एका सप्टेंबरात गॅरेजच्या दारातून आत आला, पायपुसण्यावर बूट घासले आणि म्हणाला, “वॉनी, जेवणाचं टेबल लागेल मला. थोडे दिवस.”

माझं नाव लाव्हॉन. वॉनी म्हणणारा तो एकटाच उरला होता.

कशाला लागणार टेबल, म्हणून मी त्याच्या मागे पाहिलं. हातगाडीवर त्याच्या लाल गाडीचा गिअरबॉक्स ठेवलेला, काळ्या तेलानं बरबटलेला, सणाच्या टर्कीच्या दुपटीनं मोठा. मी म्हटलं, लोक घरात बायको आणतात, तुला हेच सापडलं का आणायला? त्यावर त्यानं शांतपणे टेबलावरची फळांची परडी उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

आता त्या गाडीचं सांगते. १९६९ची पॉन्टियाक, उघड्या टपाची, भलंमोठं इंजिन, आपोआप गिअर बदलणारी. त्या वर्षी मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते आणि कोणाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, पोरांनी मला होमकमिंगची राणी निवडलं. आमच्या बेकर्स फोर्कमध्ये होमकमिंग म्हणजे वर्षाचा सण. शाळेची जुनी मुलं गावी परततात, शुक्रवारी फुटबॉलचा सामना, आणि सामन्याआधी मेन स्ट्रीटवरून मिरवणूक. राणी उघड्या गाडीत मागच्या सीटच्या पाठीवर उंच बसते, मुकुट घालून. माझ्याआधीच्या राण्या बँकवाल्यांच्या नाहीतर डॉक्टरांच्या लेकी, त्यांच्या घरी गाड्या होत्या. आमच्याकडे एक ट्रॅक्टर होता आणि डुकरांच्या वासाचा एक पिकअप. मी आईला सांगून टाकलं, मी जाणार नाही, दुसरीला बसवा.

हारलन तेव्हा नुकताच सैन्यातून परत आला होता. उन्हाळाभर ओसरीच्या पायरीवर बसून शेताकडे बघत राहायचा. जेव म्हटलं तर जेवायचा, नाहीतर नाही. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सकाळी निघून गेला तो संध्याकाळी ही गाडी घेऊन आला. साठवलेला सगळा पगार त्यात घातला. वडिलांना वाटलं, पोराचं डोकं फिरलं. तो मला एवढंच म्हणाला, “उद्या चांगला कोट घाल. वारा लागतो.”

मेन स्ट्रीटवरून त्यानं मला माणसाच्या चालीनं नेलं. रस्ता धान्याच्या कोठारापाशी संपतो, पुढे रेल्वेचे रूळ. तिथे गाडी पुढे-मागे करत वळवायची आणि शाळेकडे परत यायचं. वळल्यावर रस्ता मोकळा होता. हारलन म्हणाला, “घट्ट धर. दुसरा गिअर पडताना हिसका बसतो.” आणि पाय दाबला. असा हिसका बसला की माझा मुकुट सीटवर जाऊन पडला, आणि समोरच्या आरशात मला माझ्या भावाचे दात दिसले. परत आल्यापासून तो पहिल्यांदा हसत होता. मी आरडाओरडा करत होते तो आनंदानं, त्याला वाटलं भीतीनं, म्हणून त्यानं लगेच हळू केली, वेडा कुठला.

पुढच्या वर्षी शाळेनं पुन्हा गाडी मागितली. त्याच्या पुढच्या वर्षी मागायचीही गरज पडली नाही. राण्या दरवर्षी नव्या, गाडी तीच आणि चालवणाराही तोच. हारलन त्याच धान्याच्या कोठारावर कामाला लागला, तिथल्या मोटरींच्या आवाजानं कान गेले, केस गेले, पण ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. प्रत्येक पोरीला रुळांपाशी वळल्यावर तेच वाक्य सांगायचा आणि तोच हिसका द्यायचा. मुख्याध्यापकांना याचा पत्ता नव्हता. ही गोष्ट फक्त राण्यांना ठाऊक. मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते, पोरी दुसऱ्या दिवशी ताट घ्यायला आल्या की माझ्याकडे बघून नुसत्या हसायच्या.

मग शाळा बंद करायचं ठरलं. पोरं कमी झाली होती, तालुक्याच्या शाळेत घालणार होते सगळ्यांना. ऑक्टोबरात शेवटचं होमकमिंग, आणि त्यासाठी जुन्या सगळ्या राण्यांना आमंत्रणं गेली. नेमक्या त्याच ऑगस्टमध्ये हारलनच्या गाडीनं दगा दिला. इंजिन गुरगुरायचं, गाडी जागची हलायची नाही. गिअरबॉक्सचं लाल तेल काढलं तर काळं निघालं, करपलेल्या पावासारखा वास. मुख्याध्यापक म्हणाले, हरकत नाही, राणीला आपण पेंढ्याच्या गाडीवर बसवू, सजवून. हारलन “बरं” म्हणाला. आमच्या हारलनचं बरं म्हणजे मुळीच नाही, हे मुख्याध्यापकांना कोण सांगणार.

तालुक्याच्या गावी गॅरेजं होती. ते लोक म्हणाले, हा ठेवून जा, दुसरा तयार बसवून देतो. पण हारलनला हाच हवा होता. कारण तो एल्डनच्या हातचा होता.

एल्डन म्हणजे त्याचा मित्र, एकुलता एक. आपल्या कोठीघरात लोकांचे गिअरबॉक्स खोलायचा. हारलनचा दोनदा खोलला होता, आणि तो हिसकाही त्यानंच मुद्दाम ठेवला होता, गाडीला थोडा राग असावा म्हणायचा. दोन्ही वेळा हारलन शेजारी दिवा धरून उभा. एल्डन हातानं काम करायचा आणि तोंडानं हारलनची टिंगल. त्याच वर्षी वसंतात तो अचानक गेला. हारलन दफनाहून आला आणि गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसून राहिला. मी जेवायला बोलावलं नाही. काही वेळा नाही बोलवायचं.

तर असं ते टेबल गेलं माझं. त्यावर जुनी चादर, चादरीवर लोखंड. मी बडबड करायचे आणि बघायचे. बडबडीशिवाय बघता येत नाही मला. आतून चकत्यांवर चकत्या निघाल्या, जळून काळ्या पडलेल्या. नव्या आणल्या त्या एक दिवस तेलात मुरत ठेवायच्या असतात, तर त्यासाठी माझा मांस भाजायचा ट्रे. वाटाण्याएवढ्या पोलादी गोळ्या असतात त्यात, प्रत्येकीची जागा ठरलेली, त्या ठेवायला माझा मफिनचा साचा. गोळ्या जागेवर चिकटवायला व्हॅसलीन. मी म्हटलं, ग्रीस का नाही लावत, डबा पडलाय गॅरेजमध्ये. तर म्हणाला, एल्डन सांगायचा, ग्रीस आत अडकून बसतं, व्हॅसलीन काम झालं की तेलात विरघळून जातं. एल्डन सांगायचा, एल्डन म्हणायचा. महिनाभर तो मेलेला माणूस आमच्या टेबलाशी जेवायला होता म्हणा ना.

एके दिवशी मी चर्चमधून परत आले तर भांडी धुण्याचं मशीन चालू. मला कोण कौतुक वाटलं, भावानं भांडी लावली! उघडलं तर आत गिअरबॉक्सचं रिकामं खोकं, चकाचक, आणि माझ्या मशीनला तेलाचं अस्तर. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या कोंबडी-नूडल्सला इंजिनाची चव होती. मी त्याला खूप बोलले. तो ऐकू येत नसल्यासारखा बसला. त्याचे कान गेलेत खरे, पण सोयीनं जातात.

सगळं बसवून झाल्यावर एकेका भोकात हवा मारून बघायची असते, चकत्या दाबल्या गेल्या की आतून ठप्प असा आवाज येतो. तो त्याला ऐकू येईना. मग मी कान लावून बसले. ठप्प, म्हटलं आला. पुढचा, ठप्प, आला. त्याचा चेहरा उजळत गेला, आणि मीही बडबड थांबवली.

मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी गिअरबॉक्स गाडीत परत बसला आणि गाडी तयार झाली. गाडी आम्ही गॅरेजमध्ये उलटी ढकलून ठेवली होती, नाक दाराकडे, त्यामुळे तो बसला आणि सरळ बाहेर निघाला. आमचे रस्ते वहीतल्या चौकटींसारखे. मक्याच्या शेतांमधून सरळ जा, उजवीकडे वळा, असं चारदा वळलं की माणूस आपल्या दारात. पहिला गिअर, दुसरा, हिसका, तिसरा. दारात येऊन त्यानं गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. डोळे पुसले ते वाऱ्यानं म्हणाला. गाडी चौफेर फिरवून आणली, पण मागे घेऊन बघायचं दोघांपैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडे सगळे अशीच गाडी तपासतात, चार उजवी वळणं घेऊन.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागे सगळ्या गाड्या रांगेत लावत होते. जुन्या राण्या ट्रॉल्यांवर चढत होत्या, कोणी जाड झालेली, कोणी नातवंडं घेऊन आलेली. मला हारलनच्या शेजारी पुढे बसवलं होतं, या गाडीतली पहिली राणी म्हणून. हारलनला थोडं मागे सरकायला सांगितलं. त्यानं दांडी मागच्या गिअरला टाकली. इंजिनाचा आवाज वाढला, गाडी जागेवर. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. त्यानं गाडी बंद केली आणि अगदी हळू म्हणाला, “वॉनी, रिव्हर्स नाही.”

त्याचा तेव्हाचा चेहरा आठवला की मला आजही बघवत नाही. पेंढ्याची गाडी तयारच होती. मुख्याध्यापक चांगले गृहस्थ, वाईट वाटून बोलले, पण बरोबर तेच बोलले: रुळांपाशी वळायचं कसं? मागून पन्नास गाड्या येणार. हारलननं मान हलवली आणि दार उघडायला लागला. त्या वर्षीची, म्हणजे शेवटची राणी ब्रुक मागे आपल्या जागी चढून बसली होती. ती म्हणाली, “मी याच गाडीतून जाणार, हारलनकाका. रुळांपर्यंत तर रुळांपर्यंत.” फुटबॉलच्या पोरांनी गाडी हातानं ढकलून रांगेत लावली, आणि आम्ही निघालो.

मिरवणुकीत लोक हात हलवत होते, मीही हलवत होते, पण माझा जीव सगळा त्या रुळांकडे. कोठार आलं. हारलननं गाडी डावीकडे कापली, ती रस्त्यावर आडवी झाली आणि नाक कोठाराच्या फाटकापासून दोन हातांवर थांबलं. आता मागे घेतल्याशिवाय सुटका नाही. मागे सगळी मिरवणूक थांबली, वाजंत्री थांबली. हारलन समोर बघत बसला, कान लाल झालेले.

तेवढ्यात बायका येताना दिसल्या. ट्रॉल्यांवरून उतरून, राणीपणाच्या रेशमी फिती गळ्यात, उंच टाचांचे बूट हातात घेऊन. कोणी काही ठरवलं नव्हतं. सगळ्या राण्या गाडीच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या आणि लाल बॉनेटवर हात ठेवले. मी पण उतरले. हारलनला ओरडून सांगितलं, ब्रेक सोड. आणि आम्ही त्याला मागे ढकललं, साऱ्याजणी हसत, एकमेकींच्या पायांवर पाय देत. गाडी वळली, परतीच्या बाजूला लागली. रस्ता मोकळा होता. हारलननं आरशातून ब्रुककडे पाहिलं आणि त्याचं ते वाक्य म्हणाला, तर रस्त्यात उभ्या असलेल्या सगळ्या बायका ते त्याच्याबरोबर म्हणाल्या. मग हिसका बसला. मी रस्त्यावर उभी राहून पाहिला, पहिल्यांदाच बाहेरून.

घरी आल्यावर मी विचारलं, बाकी सगळं बसलं, तेच कसं चुकलं? तर म्हणाला, मागे जाण्यासाठी आत एक पट्टा असतो. तो बसवायची वेळ आली की दोन्ही वेळा एल्डननं त्याला कॉफी आणायला पिटाळलं होतं. तेवढंच त्यानं पाहिलं नव्हतं, अंदाजानं बसवलं. आणि मग आम्ही दोघं त्या तेलकट टेबलाशी बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

खालचं झाकण काढून पट्टा नीट बसवायचा, एका दुपारचं काम होतं. मी दर वसंतात आठवण करायचे. तो म्हणायचा, “आता मला मागे कुठे जायचंय?” आणि चार उजवी वळणं घेऊन फिरून यायचा.

गेल्या ऑक्टोबरात हारलन गेला. झोपेत, कोणाला त्रास न देता, त्याच्या स्वभावाला धरून. शववाहिकेच्या मागे ती लाल गाडी मी चालवत नेली, शेजारच्या सीटवर त्याची टोपी. आमच्या स्मशानभूमीची गल्ली अरुंद, कुंपणाशी संपते. त्यामुळे शववाहिकासुद्धा बाहेरच थांबते आणि सगळे गाड्या रस्त्यावर लावून चालत जातात. मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण मला त्याच्या गाडीनं त्याला शेवटपर्यंत पोहोचवायचं होतं. परतीचं नंतर बघू म्हटलं.

प्रार्थना झाली, माती झाली. मी गाडीत जाऊन बसले, समोर कुंपण. दांडीकडे बघत राहिले आणि तेव्हा मला रडू आलं, इतका वेळ आलं नव्हतं. काचेवर टकटक झाली. ब्रुक होती, कडेवर पोरगी. तिच्यामागे बाकीच्या, काळ्या कपड्यांतल्या, काहीजणी काठी टेकत. कुंपण आणि गाडीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एकेक करून शिरत होत्या.

ब्रुक म्हणाली, “लाव्हॉन मावशी, न्यूट्रलला टाका.”

टाकली. सगळ्यांचे हात बॉनेटवर आले, आणि माझ्या भावाची गाडी हळूहळू मागे निघाली.