आत्यानं ठेवलेलं नाव

आमच्याकडे बारशाला बाळाचं नाव आत्या ठेवते. कानात कुर्र करते, नाव सांगते आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. माझंही नाव आत्यानंच ठेवलं. फक्त मला जन्म दिला होता तोही तिनंच.

तिचं लग्न झालं नव्हतं. ज्यानं लग्नाचा शब्द दिला होता तो हलकट तोंड लपवून उरणकडे पळाला. पोट दिसायला लागायच्या आत तिच्या भावानं आपलीच बायको गरोदर असल्याचं गावभर सांगून टाकलं आणि दोघींना श्रीवर्धनजवळच्या एका गावी आपल्या मावशीकडे नेऊन ठेवलं. मी झाले तेव्हा तिथल्या पोलीस पाटलाला त्यानं सांगितलं, "मला मुलगी झाली." नोंदीत बाप तो, आई त्याची बायको. आडनावाची अडचण आलीच नाही, बहीणभावाचं एकच होतं.

गावी परतल्यावर बारसं घातलं. ओली बाळंतीण ती, अंगात त्राण नाही, आणि बायका आपल्या घालतायत धपाटे! ती हसत होती म्हणे. दिवसभर मी तिच्या वहिनीच्या मांडीवर असायचे, दूध पाजायला तेवढी मागच्या खोलीत तिच्याकडे.

हे सगळं मला बाबांनी, म्हणजे तिच्या भावानं, माझ्या लग्नाआधी सांगितलं. आईबाबांनी मला काही कमी केलं नाही, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून आत्याला आत्या म्हणताना जीभ जड व्हायची. ती मात्र तशीच. मी सणाला माहेरी आले की कोलंबीचं कालवण माझ्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, "खा गो बाय, भाची माझी वाळलीय."

आईबाबा दोघंही गेले. नंतर कळलं की आता एकट्या आईचं नावही दाखल्यावर चालतं. मी जन्मगावच्या ग्रामपंचायतीत जाऊन आले. ग्रामसेवक म्हणाला, "आधीची नोंद बदलणं सोपं नाही, पण प्रयत्न करू. तुमच्या आत्यांनी स्वतः येऊन सांगायला हवं." मी तडक आत्याकडे आले. मला एकदा, फक्त एकदा, तिची मुलगी म्हणून कुठेतरी नाव लावायचं होतं.

"न्हाय," ती म्हणाली. "भाऊ मेल्यावर त्याला खोटा पाडू?"

"तुझा भाऊ मोठा, आणि मी कोण गं?" मी ओरडले. ती उठून सुपाऱ्या निवडायला बसली. मी तणतणत निघून आले.

पावसाळ्यानंतर तिनं अंथरूण धरलं. अलिबागच्या दवाखान्यात मी एकटीच तिच्यापाशी होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हाक मारली, "आई."

तिनं डोळे उघडले. आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुझी आई घरी हाय गो बाय," ती म्हणाली. "बोलावू तिला?"

घरची आई जाऊन वर्षं लोटली होती. त्याच रात्री आत्याही गेली. मृत्यूच्या दाखल्यासाठी मयताशी नातं विचारलं, तेव्हा मी भाची सांगितलं. तिला तेच हवं होतं ना!