कार्बनमामांची बोटं

कार्बनमामा गाडीचा रोग हातानं ओळखायचे. फाट्यावरच्या त्यांच्या पत्र्याच्या दुकानात मीटर नव्हतं असं नाही, पण ते खिळ्याला टांगलेलं. गिऱ्हाईक फारच शिकलेलं निघालं तर तेवढ्यापुरतं खाली उतरायचं. एरवी मामा गाडी चालू ठेवायला सांगायचे, बॉनेटमध्ये वाकायचे आणि बॅटरीपासून डायनामोपर्यंत एकेक तार चाचपत जायचे. मध्येच कुठंतरी हात थांबायचा. "इथं हाये," म्हणायचे. आणि तिथंच असायचं.

लाइट, सेल्फ, चार्जिंग, एवढीच त्यांची कामं. इंजिनाला हात लावायचे नाहीत. कुठलीही गाडी दारात आली की उतरणाऱ्याचं ऐकून घ्यायच्या आधीच म्हणायचे, "डायनामोचे कार्बन घासले आसतील." कार्बन म्हणजे डायनामोच्या आत घासून झिजणारे तुकडे. दोष बहुतेक वेळा भलतीकडेच निघायचा. मामांना त्याचं काही वाटायचं नाही, आणि नाव मात्र कायमचं पडलं.

माझी पिकअप तेव्हाच पंधरा वर्षांची होती. डी.एड. करून नोकरीची वाट बघता बघता मी डोंगरकडा गावची केळी नांदेडला पोचवायला लागलो होतो. सकाळी चावी फिरवली की 'कट्' असा एकच आवाज, की बोलवा चार जणांना धक्का मारायला! बॅटरी बदलली. दोन महिन्यांत पुन्हा तेच. पुन्हा बदलली. तिसऱ्या बॅटरीला शिव्या देत मी मामांकडे गेलो.

"तिला काहून शिव्या देऊन राहिला?" मामा म्हणाले. "उपाशी हाये बिचारी. डायनामो सैपाक करून राहिला, पन ताट तिच्यापोतर पोचून न्हाई राहिलं."

मला त्यांनी तीन-चारदा सेल्फ मारायला लावला, स्वतः खाली वाकले, आणि चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथं अर्थिंगची जाड तार आवळलेली असते त्या बोल्टावर त्यांचा हात थांबला. "लाव हात." मी लावला आणि चटका बसून मागं घेतला. दसऱ्याला मी मोठ्या हौसेनं गाडी निळी रंगवून घेतली होती, अगदी चासीसकट. पेंटरनं ती तार रंगावरच आवळून टाकली होती.

"करंट जिथं आडतो, तिथं तापतो," मामांनी ब्लेडनं रंग खरवडत सांगितलं. "गाडीला नवरी केलं, आन् नाकात बोळा कोंबला. व्वा रे मास्तर!" ती बॅटरी मला चार वर्षं पुरली. मास्तर हे नावही तेव्हापासून चिकटलं. नोकरी लागली नाही, पण मास्तर झालो.

खोटं काम त्यांना खपायचं नाही. पुसेगावचा एक ड्रायव्हर घाईत आला होता, चावीचा स्विच गेला होता. म्हणाला, दोन तारा बाहेर काढून डायरेक्ट करून द्या, तारेला तार लावून चालू करत जाईन. मामा भडकले. "गाडी तुझी हाये का चोरून आनली? घासली तार तर जळून मरशील. स्विच आनतो, तवर बस." त्याला दोन तास बसवून ठेवलं. तो शिव्या देत गेला आणि पुढच्या वेळी बराबर मामांकडेच आला.

दोन वर्षांपूर्वी मामा अचानक शिकवायला लागले. गाडी आली की मालकालाच पुढं करायचे. "ह्या तारेला हात लाव. सांग, गरम हाये का?" लोक कौतुक करायचे, म्हातारा आता विद्या वाटून राहिला म्हणायचे. मीही म्हणायचो. मी तर डी.एड.वाला, मला फारच बरं वाटलं.

मग एक दिवस दुपारी कुणाच्यातरी जीपमध्ये मामा डायनामोचा पट्टा बघत होते. इंजिन चांगलं तापलेलं. डावा हात टेकवला होता तो सायलेन्सरच्या पायपावर. कातडं जळाल्याचा वास आधी मला आला. "मामा, हात!" म्हणून मी ओरडलो आणि मनगट धरून ओढलं. दोन बोटांची सालटं निघाली होती. मामा त्या बोटांकडे नुसते बघत राहिले. त्यांना काहीच जाणवलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

जीपवाला गेल्यावर म्हणाले, "शुगर हाये. बोटं वरीसभर झालं मेलेली हायेत. मामीला बोलू नको. कोनालाच नको. हात गेला म्हनलं की दुकान गेलं, आन् दुकान गेलं की मी काय करू मास्तर, वट्ट्यावर बसून माशा मारू?"

"दवाखान्यात तरी जाऊ."

"डॉक्टर मामीला सांगंल, मामी कुलूप लावंल. तू गप बस."

मी गप बसलो. वर त्यांनी बोटं पुढं केली आणि काळी टेप मागितली. तारा जोडायची टेप. आमच्याकडे गॅरेजात कुणालाही कापलं, भाजलं की तीच गुंडाळतात, पाणी लागत नाही, हात कामाला मोकळा. मी दातानं टेप तोडली आणि दोन्ही बोटं घट्ट बांधून दिली. काम नेटकं झालं म्हणून मामा हसलेसुद्धा.

त्यानंतर केळी टाकून आलो की मी दुकानात थांबायला लागलो. मामा पुढं वाकायचे, मी बाजूनं हात घालून तार चाचपायचो आणि हळूच सांगायचो, "इथं तापलंय." मग मामा मोठ्यानं म्हणायचे, "इथं हाये!" कुणाला पत्ता लागला नाही. टेप बघून घरी मामींनी विचारलं, तर जरासं कापलंय म्हणायचे. त्या दिवसांत मला केवढा अभिमान वाटायचा, हे लिहिताना आज लाज वाटते. मामांना माझी गरज होती, आणि मला ती गरज आवडायला लागली होती. दर तीन-चार दिवसांनी ते म्हणायचे, टेप बदल. जुनी काढताना वास यायचा. बोटं आधी पांढरी दिसायची, मग काळपट दिसायला लागली. मी नाक फिरवायचो आणि नवी गुंडाळायचो.

महिन्याभरात त्यांना हुडहुडी भरून ताप आला. मामी आणि मी माझ्याच पिकअपमधून त्यांना नांदेडला नेलं. डॉक्टरांनी कात्रीनं टेप कापली आणि आमच्याकडे वळून विचारलं, "हे कोणी बांधलं?" त्यांचा आवाज चढला होता. मामी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. तेवढ्यात तापानं फणफणलेले मामा पलंगावरून स्वच्छ आवाजात म्हणाले, "म्याच. एका हातानं बांधलं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आधी बोटं काढली. मग मनगटापासून हात काढला. विष तोवर अंगात पसरलेलं होतं. नवव्या दिवशी मामा गेले. डॉक्टरांपुढचं ते एक खोटं मात्र ते माझ्यासाठी बोलले.

परवा मामींकडे गेलो होतो. त्यांनी चहा ठेवला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "लई हट्टी मानूस रे. बोटं सडून राहिली, तरी कोनाला तकलीफ बोलले न्हाईत. तुला जरी कळलं असतं ना मास्तर, तर तू उचलून नेलं असतंस."

मी चहा पिऊन उठलो. तोंडानं सांगणं माझ्याच्यानं झालं नाही. मामींना वाचायचा नाद आहे, हाताला येईल ते वाचतात, म्हणून हे लिहिलं. मामी, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टेप मी बांधत होतो.