गाणं कुणाचं, शाल कुणाला

मी शाल चुकीच्या माणसाच्या खांद्यावर घातली. वर नारळ दिला, आणि त्याच्याही वर भाषण केलं.

आमच्या पुंडलिकनगरातल्या कॉलनीत गणपती बसले की सत्कार सुरू होतात. दहावी पास झालेल्याचा होतो, गल्लीत पाण्याची पाइपलाइन आणणाऱ्याचा होतो, आणली नाही पण आणीन म्हणणाऱ्याचाही होतो. त्या वर्षी कुणाचा करायचा हे माझ्या हातात होतं, कारण मी सांस्कृतिक समितीचा प्रमुख. मी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करतो. एवढी पुस्तकं रोज जवळून पाहत असल्यामुळं मला साहित्य कळतं, असा कॉलनीत समज आहे. तो मीच पसरवलाय.

मी जाहीर केलं, यंदा सत्कार एका रॉक बँडच्या गायकाचा.

समितीचे सचिव रिटायर्ड हेडमास्तर. जुन्या भावगीतांच्या पलीकडं संगीत नाही, असं त्यांचं मत. ते म्हणाले, "अहो, ते काय गाणं आहे का? मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखा आवाज."

"सर, तो चमचा रडतो," मी म्हणालो. "तुमचा कधी रडलाय का?"

आता सांगूनच टाकतो. माझ्या वयाची माणसं गुडघ्याला तेल चोळताना जुनी गाणी लावतात. मी रॉक लावतो. गुडघा तसाही दुखतोच. आणि त्यातही मला ती संथ, जीव पिळवटणारी गाणी लागतात. सुरुवातीला एकच तार वाजते, दाराशी आलेल्या माणसाला कडी वाजवावी की नाही कळत नाही, तशी. मग ड्रम येतो, मग गळा फाटतो, आणि आपण जे कुणापुढंही कबूल केलेलं नसतं ते मैदानभर होतं. याला लोक धांगडधिंगा म्हणतात. म्हणोत. मला लाज वाटत नाही.

हा बँड वाळूजच्या कंपन्यांतल्या चार तरुणांचा. गायक क्वालिटी खात्यात, केसांचा बुचडा बांधणारा. त्यांचं एक गाणं तेव्हा ज्याच्या त्याच्या मोबाइलवर वाजत होतं. त्याची एक ओळ पुन्हा पुन्हा यायची: 'रडत नाही मी, डोळ्यात लोकर गेली.' मी ती ओळ पहिल्यांदा ऐकली तेव्हा स्कूटर बाजूला घेऊन उभा राहिलो होतो. मागच्या रिक्षावाल्यानं काय म्हटलं ते इथं लिहिता येत नाही.

तर सत्कार. मी माइक हातात घेतला आणि त्या ओळीचा अर्थ सांगितला. लोकर म्हणजे ऊब. आठवणींची ऊब इतकी अतोनात झाली, की ती डोळ्यांत उतरली. ही शहरी एकाकीपणाची प्रतिमा आहे. ऊब आणि धूसरता यांचा संगम आहे. असं बरंच काही. 'संगम' शब्दावर टाळ्याही पडल्या. गायकानं मान लववून नमस्कार केला. खरं तर त्याच वेळी त्यानं तोंड उघडायला पाहिजे होतं. उघडलं नाही.

तिसऱ्या रांगेत माझी थोरली बहीण बसली होती. ती बजाजनगरात खानावळ चालवते आणि दरवर्षी आमच्या आरतीला येते. प्रसाद घेताना तिनं मला बाजूला बोलावलं.

"लोकर म्हंजे ऊब व्हय रं?"

"हो आक्का. प्रतिमा असते ती."

"मेंढरं भादरताना पाय कोण धरायचं?"

"मी."

"आन् डोळे कुणाचे सुजायचे?"

"माझेच."

"कशानं?"

मी शिऱ्याकडं बघितलं. "लोकरीनं."

"मंग ऊब कुठून आणलीस?"

"आक्का, तसं नसतं. कवीला काय म्हणायचंय ते..."

"कवीला काय म्हणायचंय ते कवी तुला सांगायलाय की. मीच लिव्हलंय ते."

आमचं घर मेंढरांचं. लासूर स्टेशनच्या पुढं आमचं गाव. भादरायच्या, म्हणजे लोकर कातरायच्या दिवसांत तिचा बारीक तंतू हवेत तरंगायचा आणि डोळ्यात गेला की दिवसभर पाणी थांबायचं नाही. पुढं रानं प्लॉटिंगला गेली, चारायला जागा राहिली नाही, तेव्हा दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सगळा कळप एकदमच लासूरच्या बाजारात विकला. त्या दिवशी आई परत येताना पदरानं डोळे पुसत होती. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काय नाय रे, लोकर गेली. ते दिवस भादरायचे नव्हते. तरी मी खरं मानलं आणि खेळायला गेलो. आक्का नाही गेली.

म्हणजे बघा, लोकर खोटी होती तेव्हा मी ती खरी मानली, आणि पुढं तिचीच खरी गोष्ट गाण्यात आली तेव्हा तिला प्रतिमा म्हणालो. तेही माइकवरून.

गाणी कशी झाली ते नंतर कळत गेलं. बँडची पोरं आक्काच्या खानावळीत जेवायची. चाली त्यांच्याकडं लई, शब्द एकही नाही. ताट येईपर्यंत 'ला ला ला ना ना' करत बसायची. आक्का एकदा वैतागली. "बाबांनो, ह्ये ला ला काय ताटाला लावून खायचंय का? काहीतरी म्हणा की." त्यांनी म्हटलं, मावशी, तुम्हीच सांगा. तिनं भाकरी थापता थापता सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक गाणं तिच्या तव्याशेजारी झालं.

मी नंतर मुद्दाम तिथं जाऊन बसायला लागलो. शब्दांशी एवढ्या निर्दयपणे वागणारं माणूस मी पाहिलेलं नाही. गायकानं एकदा 'अथांग वेदना' असं काहीतरी सुचवलं. "अथांग काढ," ती म्हणाली. त्यानं काढलं. "आता वेदनाबी काढ." मग उरलं काय, त्यानं विचारलं. "आता तिनं काय केलं ते सांग. दार लावलं का उघडं ठिवलं? दुःख झालं म्हणून सांगायचं नसतंय. हात काय करायलेत ते सांगायचं." आणि ओळीच्या शेवटी ती 'गेली', 'राहिला', 'उघडा' असे तोंड मोकळं सोडणारे शब्द ठेवायची. "त्याला वरडायला जागा नको? 'हृदयात' म्हणून कसं वरडंल? दातखीळ बसंल."

लायब्ररीत माझ्या मागच्या कपाटात काव्यशास्त्राची चांगली जाड पुस्तकं आहेत. त्यांच्यावरची धूळ मी नियमित झटकतो.

पण ते सगळं पुढचं. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मला फक्त राग आला होता. मोबाइलवर त्या गाण्याखाली पाहिलं, तर गायकाचं नाव, गिटारवाल्याचं नाव, ड्रमवाल्याचं नाव, व्हिडिओ कुणी काढला त्याचं नाव, ज्याच्या गच्चीवर काढला त्याचे आभार. शब्दांपुढं लिहिलेलं, 'बँड'. म्हणजे शब्द गच्चीवर उगवले होते.

मी तडक बजाजनगरात गायकाच्या खोलीवर गेलो आणि म्हणालो, "शाल परत द्या."

सत्कार परत घ्यायची पद्धत आपल्याकडं नाही. मला माहीत आहे. त्याला ते माहीत नसावं, कारण त्यानं निमूट कपाट उघडलं. आत शालींची चळत. "सर, यातली तुमची कुठली?"

मला ओळखता येईना. सगळ्यांना तीच चंदेरी किनार. दोन-तीन उलगडून पाहिल्या, एकीच्या आत दुसऱ्याच मंडळाची चिठ्ठी होती.

"नारळ?" मी कडक आवाजात विचारलं.

"त्याची चटणी झाली. मावशींनीच केली."

मी त्याला सुनावलं, की गाणं जिचं तिचं नाव का नाही? तो वाईट माणूस नव्हता, हीच अडचण. घाबरलेला होता. म्हणाला, "सर, लोक काय म्हणतील? खानावळीतल्या मावशी रॉक लिहितात म्हटल्यावर हसतील ना. बँडची एक इमेज असते." ड्रमवाला कोपऱ्यात बसला होता, इथल्याच जुन्या शहरातला, आक्काला मावशीऐवजी खाला म्हणणारा. तो म्हणाला, "हौ, और इमेज को डब्बा कौन खिलाता? खाला का नाम होनाइच. मैं पैलेसे बोल रा."

मी एक शाल अंदाजानं उचलली, आक्काच्या खानावळीत गेलो आणि सगळ्या जेवणाऱ्यांसमोर तिच्या खांद्यावर घातली. तिनं ती काढून पिठाच्या डब्यावर टाकली.

"दुसऱ्याच्या अंगावरची उतरून मला आणलीस व्हय? मला शाल नको. माझं नाव पायजे. गाण्याखाली. लिहून, आन् त्याच्या तोंडानं."

"लोक हसतील म्हणतोय तो."

"हसू दे की. हसणारे जेवायला कुठं जातेत ते मला ठावं हाय."

मी समितीत ठराव मांडला: दिवाळी पहाटेला हाच बँड बोलवायचा आणि गीतकार म्हणून आक्काचं नाव जाहीर करायचं. दिवाळी पहाटेला रॉक! सचिवांनी चष्मा काढून पुसला. पहाटे लोक अभ्यंगस्नान करून येतात, म्हणाले, त्यांचं मन प्रसन्न असतं. मी म्हणालो, मग थोडं रडले तर काय बिघडतंय? शेवटी कार्यक्रम मिळाला, पण नाव जाहीर करणं 'बँडच्या अखत्यारीतला विषय' ठरला. माझ्या ठरावांची अर्धीच बाजू नेहमी मंजूर होते.

आक्का माझ्या ठरावाच्या भरवशावर थांबली नव्हती. दिवाळीसाठी बँडला नवं गाणं पाहिजे होतं. तिनं सगळं दिलं, शेवटचं कडवं ठेवून घेतलं. ते दिलं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. मी तिथंच होतो. गायकानं वाचलं आणि त्याचा घास थांबला.

आमचे एक चुलत आजोबा ओव्या म्हणायचे. कितीही लांब ओवी असो, शेवटच्या ओळीत ते आपलं नाव आणि गाव घालायचेच. ओवी दुसऱ्या गावात गेली तरी तिच्यावर खूण राहते, कळपातल्या मेंढराच्या कानावर असते तशी. आक्कानं तेच केलं होतं. 'दार लोटलंय नुसतं, कडी नाही लावली,' आणि पुढच्या ओळीत थेट तिचं नाव. ते मी इथं लिहीत नाही. तिनं बजावलंय, नाव ऐकायचं असंल त्यानं गाणं ऐकावं.

"मावशी," गायक म्हणाला, "रॉकमध्ये असं नाव घालत नाहीत."

"रॉकमंदी लोकर तरी कुठं असती? ती बरी घातलीस."

"पण ही ओळ सोडली तर..."

"सोडून बघ. गाणं बसतंय का बघ."

त्यानं गुणगुणून पाहिलं. बसेना. तिनं ते नाव सगळ्यात उंच सुरावर ठेवलं होतं. खालच्या सुरावरचा शब्द गिळता येतो, तिथला येत नाही. ते नाव गायलं नाही तर गाणं तिथंच उघडं पडत होतं.

पहाटे मैदानात पणत्या होत्या, उटण्याचा वास होता, पैठण्या होत्या, आणि स्टेजवर काळ्या टी-शर्टातली चार पोरं. खानावळीतले जेवणारे मोटारसायकलींवर आले होते. रात्रपाळीवाले तर आंघोळही न करता थेट कंपनीतून. सचिव पहिल्या रांगेत रेशमी झब्ब्यात, आलेल्या संकटाला तोंड द्यायच्या तयारीनं. आक्का बाजूला हाताची घडी घालून उभी. खुर्ची दिली तर घेतली नाही.

नवं गाणं सुरू झालं. एकच तार. मग ड्रम. शेवटच्या कडव्याशी आल्यावर गायक थांबला. ड्रमवाल्यानं एक फेरी वाजवली, गायक गप्प. त्यानं दुसरी वाजवली आणि गायकाकडं असं बघितलं, की मी असतो तर गायलोच असतो. गायकानं आक्काकडं पाहिलं. तिनं मानही हलवली नाही. जे करायचं ते त्यानं स्वतःहून करायचं होतं.

आणि तो गायला. पूर्ण गळ्यानं. तिचं नाव आख्ख्या पुंडलिकनगरावरून गेलं, पाण्याच्या टाकीवर आपटून परत आलं. दुसऱ्या वेळेस तर त्यानं डोळे मिटून, लांबवून घेतलं. खानावळीचे लोक उभे राहून ओरडत होते. गाणं संपल्यावर त्यानं माइक जवळ घेतला आणि सांगितलं, आमच्या सगळ्या गाण्यांचे शब्द या मावशींचे आहेत, हे आधीच सांगायला पाहिजे होतं. कुणीही हसलं नाही. दुपारपर्यंत मोबाइलवर प्रत्येक गाण्याखाली तिचं नाव आलं, गच्चीवाल्याच्या बरंच वर.

फराळाच्या टेबलाशी सचिव आक्कासमोर आले. डोळे लाल होते. "ताई," ते म्हणाले, "ते कडीचं जे लिहिलंय..." आणि चष्मा काढून पुसायला लागले. तिनं त्यांच्या बशीत चकली ठेवली.

मला राहवलं नाही. मी टेबलापाशीच आवाज चढवून जाहीर केलं, की पुढच्या गणपतीत याच मैदानावर आक्काचा भव्य सत्कार होणार. नवी कोरी शाल, मानपत्र, आणि तिच्या काव्याचं मर्म उलगडून दाखवणारं प्रमुख भाषण मी स्वतः करणार. सचिवांनीही मान डोलावली.

आक्कानं हातातली चकली खाली ठेवली.

"भाषण ह्यो करणार आसंल," ती सचिवांना म्हणाली, "तर माझं नाव काढून टाका."